दुसऱ्या रायफलच्या पुंगळ्या

"साधी डाय द्या, ऑर्विल. बाबा वापरायचे तसली."

जोलीन काझमारेकने कॉफीचा जुना पत्र्याचा डबा काउंटरवर ठेवला तसं आतलं पितळ खळखळलं. वापरलेल्या काडतुसांच्या दोनेकशे रिकाम्या पुंगळ्या होत्या त्यात.

"बाकी सगळं आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "काडतुसं भरायचा बाबांचा प्रेस आहे, बंदुकीची दारू आहे, गोळ्या आहेत. पुंगळ्या दाबून मापात आणायची डाय तेवढी नाही. गॅरेजचं छप्पर गळलं आणि होती ती गंजून बसली. आणि पंधरा दिवसांत शिकारीचा हंगाम सुरू होतोय."

ऑर्विल हॅमस्टॅडने डब्यातून एक पुंगळी उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि ती डोळ्यांजवळ धरली. थर्टी-ओ-सिक्स मापाची. तिच्या बापाने, स्टॅन काझमारेकने, वीस वर्षं याच काउंटरवरून पितळ नेलं होतं. मार्चमध्ये स्टॅन गेला, तेव्हा ऑर्विलने त्याच्या शवपेटीला खांदा दिला होता.

"स्टॅनच्याच आहेत," तो म्हणाला. मग मागच्या फळीवरून त्याने एक नाही, दोन खोकी काढली आणि शेजारी शेजारी मांडली. "ही साधी. हिच्यात पुंगळी आख्खी जाते आणि कारखान्यातून निघाली होती त्या मापाला पुन्हा दाबली जाते. आणि ही बघ. ही फक्त मान दाबते."

"मानच का?"

"गोळी धरायला मान घट्ट लागते, म्हणून. बाकीच्या अंगाला ही हात लावत नाही. आता ऐक. काडतूस उडतं तेव्हा पितळ फुगतं आणि रायफलच्या पोटात जेवढी जागा असेल तेवढं होऊन बसतं. म्हणजे शिंप्याने अंगावर बेतून कोट शिवावा, तसं. असा अंगासरशी बसलेला कोट उसवून त्याचा पुन्हा बाजारी कोट कशाला करायचा? मानेपुरता दाब दे. पितळ जास्त टिकतं, नेमही सुधारतो. ज्यांना यातलं कळतं ते हीच वापरतात."

"पण बाबा तर साधीच वापरायचे."

"तुझ्या बाबांना घाई असायची. आणि काडतुसं भरता भरता रेडिओवर बेसबॉलही ऐकायचा असायचा त्यांना."

जोलीन हसली. चौतिशीची, रुंद खांद्यांची बाई. काउंटीचं रस्ते सपाट करायचं मोठं यंत्र चालवायची. "मला घाई नाही, पण तेवढी अक्कलही नाही हो. साधं असेल तेच बरं ना मला?"

"अक्कल द्यायला मी बसलोय की इथे!"

तिचा हात एकदा साध्या खोक्यावर गेला, मग दुसऱ्यावर आला, मग परत साध्यावर. शेवटी तिने ऑर्विलकडे बघितलं. "तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असणार," असं म्हणून तिने मानेची डाय घेतली, डबा काखेत मारला आणि ती गेली.

ती गेल्यावर ऑर्विलला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं त्या सकाळी त्याला हवंच होतं. दुकान उघडल्या उघडल्या मार्नीने त्याला कॉफी दिली होती, आणि मार्नी स्वतः कॉफी आणून देते म्हणजे काहीतरी वाईट बातमी असणार हे त्याला ठाऊक होतं. मार्नी म्हणजे दुकानाची मालकीण, जुन्या मालकाची, म्हाताऱ्या टर्नबाउची, मुलगी. "नाताळनंतर मागचं काउंटर काढावं म्हणते," ती म्हणाली होती. "लोक आता हे सगळं घरबसल्या मागवतात, ऑर्विल. तिथे घोड्यांचं खाद्य ठेवू. तुम्हाला कुणी काढत नाहीये हं. खिळे आणि रंगाकडे तुम्ही हवेच आहात."

खिळे आणि रंग. एकतीस वर्षं ऑर्विल त्या मागच्या काउंटरमागे उभा होता. त्याआधी तो रेल्वेत होता. तिथे डब्यांची कडी जुळवताना उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि सेज फोर्क गावाला एक डाय निवडून देणारा माणूस मिळाला. मोठेपणा असा त्याच्या आयुष्यात काही नव्हता. पण डोंगराच्या या बाजूला कुणी घरी काडतुसं भरत असेल, तर त्याच्या प्रेसवरची डाय ऑर्विलच्या हातून गेलेली असे. आणि त्या एकतीस वर्षांत विचारपूस केल्याशिवाय त्याने एकही डाय विकली नव्हती. रायफल कोणती, एक की दोन, पितळ कुठून आणलंस. पोलीस बरे, असं लोक म्हणायचे.

संध्याकाळी जेवताना त्याने बायकोला सांगितलं, "आज स्टॅनच्या पोरीला शहाणं करून सोडलं. साधी डाय मागत होती, मी मानेची दिली."

व्हिवियन बटाटे वाढत होती. "तिने विचारलं होतं का?"

"काय?"

"शहाणं करा म्हणून."

"तुला यातलं काही कळत नाही."

"नाहीच कळत. मी आपलं विचारलं," व्हिवियन म्हणाली आणि बटाट्यांचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. काउंटर निघणार हे त्याने तिला त्या दिवशी सांगितलं नाही. पण ते तिला दुपारीच ब्रेडच्या दुकानात कळलं होतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास ग्लेन होवलँड कुंपणाच्या तारेसाठी खिळे घ्यायला आला. ग्लेनचं गावाबाहेर गुरांचं रान होतं. खिळे पुढच्या बाजूला मिळतात, पण गप्पा मागच्या बाजूला मिळतात, म्हणून तो खिळ्यांची पिशवी घेऊन मागे येऊन टेकला.

"बर्फ पडलं वर," तो म्हणाला. "एल्क आता खाली उतरायला लागतील. स्टॅनची पोरगी बरोबर वेळेवर गेली बघ."

"कुठे गेली?"

"टिंबरहेडच्या खोऱ्यात. शनिवारी माझ्या फाटकावरून गेली, एकटीच. म्हटलं, अगं कुणाला तरी घेऊन जा, तिथे अस्वलं फिरतायत. तर म्हणाली, तुमची रायफल आहे ना सोबतीला!" ग्लेन स्वतःशीच हसला.

"तुझी रायफल?"

"जून महिन्यात विकली ना मी तिला. माझा खांदा आता धक्का सोसत नाही. मनापासून द्यायची नव्हती, पण तिच्या हातात शोभली म्हणून दिली."

ऑर्विलच्या हातात डब्या पुसायचं फडकं होतं. ते तसंच राहिलं. "आणि स्टॅनची?"

"स्टॅनची अलास्काला गेली की, तिच्या भावाबरोबर. वाटणीत त्याने रायफल घेतली आणि हिला प्रेस, डबे असलं सगळं दिलं. तुला माहीत नव्हतं?"

ग्लेनची रायफल त्याला चांगली ठाऊक होती. स्पर्धेत नेम मारणाऱ्या कुणा माणसाने ती बनवून घेतली होती आणि तिचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ते पोट, इतकं घट्ट ठेवलं होतं की ग्लेन नेहमी चिडायचा. उलट स्टॅनची रायफल युद्धाच्या काळातली, ढगळ पोटाची. त्या ढगळ पोटात फुगलेलं पितळ, मानेखाली कुठेही न दाबलेलं, जोलीन या घट्ट चेंबरमध्ये घालणार. काडतूस पाऊण आत जाणार आणि तिथेच रुतणार. मग काडतूस आत ढकलणारा बोल्ट पुढे जाणार नाही की मागे येणार नाही. हातात राहणार ती नुसती काठी.

गावातली गोळीबाराची जागा असती तर ते हसण्यावारी गेलं असतं. पण एल्कसारखं मोठं हरीण मारलं की त्या रक्ताच्या वासावर ग्रिझली अस्वल येतं, आणि टिंबरहेडमध्ये मागच्याच वर्षी आलं होतं.

साधी डाय द्या, असं ती म्हणाली होती. हात दोनदा साध्या खोक्यावर ठेवला होता तिने.

"काय रे, बरं नाही का तुला?" ग्लेनने विचारलं.

ऑर्विलने फोन उचलला. जोलीनचा फोन लागत नव्हता, खोऱ्यात तो लागतच नाही. मग त्याने काउंटीच्या गॅरेजला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, जोलीन रजेवर आहे, उद्या कामावर येईल. मुकादम ड्वेन आहे का? तो बर्फ काढायला गेलाय, दुपारनंतर येईल. काही निरोप ठेवू?

"नको," ऑर्विल म्हणाला. काय निरोप ठेवणार होता तो?

त्याने फळीवरून साध्या डायचं खोकं काढलं. कारखान्यात भरलेल्या काडतुसांचा एक डबा घेतला. खुंटीवरचं नारिंगी जाकीट अंगात चढवलं आणि एका खिशात डाय, दुसऱ्यात अस्वलावर मारायच्या तिखटाच्या फवाऱ्याचा एक डबा घातला. सगळं स्वतःच्या नावावर लिहून ठेवलं आणि तो दरवाज्याकडे निघाला.

मार्नी पुढच्या काउंटरवर होती. "ऑर्विल? अहो, अकरा पण नाही वाजले."

"मला जायचंय."

"बरं वाटत नाहीये का? आणि हंगामात मागे कोण बघणार?"

"मागे कुणी लागत नाही म्हणालीस ना," ऑर्विल म्हणाला. असं तो मार्नीशी कधीच बोलला नव्हता, आणि गाडी सुरू करताना त्याला त्याचंही वाईट वाटलं.

चाळीस मैलांचा रस्ता. त्यातले शेवटचे अकरा मैल खडीचे आणि वर चार बोटं बर्फ. ऑर्विलचा जुना ट्रक वळणावर दोनदा घसरला. त्याने स्वतःला समजावलं की जोलीन शहाणी आहे, घरी एखादं काडतूस घालून बघितलं असेल तिने. लगेच त्याला वाटलं, का बघेल? ऑर्विल हॅमस्टॅडने दिलेली डाय आहे म्हटल्यावर कोण कशाला तपासून बघेल? आजवर या गोष्टीचा त्याला अभिमान होता. आता तीच आठवून त्याने ट्रकचा वेग वाढवला.

रस्ता संपतो तिथे जोलीनची निळी गाडी उभी होती. टपावर, काचेवर बर्फ जसंच्या तसं. म्हणजे बर्फ पडायला लागल्यापासून गाडीपाशी कुणी आलं नव्हतं. ऑर्विलने हाक मारली. झाडांनी ती गिळून टाकली.

त्याच्या कंबरेचं डावं हाड गेली चार वर्षं दुखत होतं. डॉक्टरांनी जिने टाळायला सांगितले होते. त्याने गाडीतली फावड्याची दांडी काढून काठी केली आणि तो पायवाटेने चढायला लागला.

पाऊण मैलावर त्याला वरून येणारे दोघे घोडेस्वार भेटले. परगावचे शिकारी होते, मागच्या खेचरावर तंबूचं सामान होतं.

"एकटी बाई दिसली का वर? उंच आहे, तिशीतली?" ऑर्विलने विचारलं.

"तंबू दिसला एक, ओढ्याजवळ," पुढचा म्हणाला. "माणूस नव्हतं कुणी. शेकोटी विझलेली होती."

"गोळीबार ऐकलात?"

"काल संध्याकाळी एक बार झाला, पलीकडच्या उतारावर. एकच. मग काही नाही." त्याने ऑर्विलच्या वयाकडे आणि हातातल्या दांडीकडे बघितलं. "काका, पुढे जाऊ नका एकटे. अस्वलाचे पाय उमटलेत वर, ताजे. कावळेही फिरतायत."

"ती माझी..." ऑर्विल म्हणाला आणि थांबला. ती त्याची कोण होती? "माझी गिऱ्हाईक आहे ती," तो म्हणाला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि घोडे पुढे काढले.

एकच बार. ऑर्विल चढत राहिला आणि त्या एका बाराचा हिशेब त्याच्या डोक्यातून जाईना. पहिलं काडतूस कसंबसं गेलं असेल, उडालं असेल. दुसरं रुतलं असेल. दुसऱ्याची गरज केव्हा पडते हे त्याला माहीत होतं. वाटेत त्याला अस्वलाचा माग दिसला. पाऊल त्याच्या टोपीएवढं होतं आणि पुढची नखं बर्फात बोटभर रुतली होती. माग वाट ओलांडून वर गेला होता. वर झाडांच्या शेंड्यांवर खरोखरच कावळे घिरट्या घालत होते. त्याने फवाऱ्याचा डबा खिशातून काढून हातात धरला.

"जोलीन!" तो ओरडला. "ए जोलीन!"

"कोण आहे?" वरून आवाज आला.

वळणावरून ती खाली येत होती. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराला लाल प्लास्टिकची घसरगाडी, आणि तिच्यावर ताडपत्रीत बांधलेलं एल्कचं मांस. बाह्या कोपरापर्यंत रक्ताने काळ्या झालेल्या. रायफल पाठीवर. ऑर्विलला ओळखल्यावर ती जागच्या जागी थांबली.

"कोण गेलं?" तिने विचारलं. तिचा चेहरा उतरला होता. "ऑर्विल, कोण गेलं ते सांगा आधी. माझा भाऊ का?"

"कुणी नाही, कुणी नाही गेलं," ऑर्विल म्हणाला. त्याला श्वास पुरत नव्हता. वाटेवर आडव्या पडलेल्या एका खोडावर तो बसला, आणि आपले डोळे भरून आलेत हे लक्षात येऊन त्याने चष्मा पुसायला काढला.

जोलीनने पट्टा सोडला, ती त्याच्याजवळ आली आणि तिने थर्मासमधली कॉफी झाकणात ओतून त्याच्या हातात दिली. "आधी प्या. मग बोला. एवढ्या लांब कसे आलात तुम्ही, या कंबरेने?"

"तुझी काडतुसं," ऑर्विल म्हणाला. "ती तुझ्या रायफलमध्ये जाणार नाहीत. मला ग्लेनने आज सांगितलं. मला वाटलं स्टॅनची रायफल तुझ्याकडे..."

"अय्या, ते होय!" जोलीन म्हणाली आणि एकदम ओशाळली. "ते मला कळलं हो. घरीच कळलं."

"घरी?"

"वीस भरली होती. पहिलंच घालून बघितलं आणि अडकलं. बोल्ट ना पुढे, ना मागे. आणि आत जिवंत काडतूस. अंगणात नळी मातीच्या ढिगाऱ्याकडे करून लाकडाच्या ठोकळ्याने ठोकत ठोकत उघडला. मग ड्वेनकडे गेले, आमच्या मुकादमाकडे. तो म्हणाला, बये, पितळ एका रायफलचं आणि रायफल दुसरी, असं असेल तर आख्खी पुंगळी दाबावी लागते. हे तू ऑर्विलला सांगितलं नाहीस का? मी म्हटलं, नाही सांगितलं." ती खाली बघत बोलत होती. "त्याने त्याची साधी डाय दिली वापरायला. सगळी काडतुसं खोलली आणि पुन्हा भरली. प्रत्येक घालून बघितलं."

"मग दुकानात का नाही आलीस?"

"काय तोंड घेऊन येऊ? तुम्ही एवढं समजावून सांगितलंत, आणि मला एवढी साधी गोष्ट सांगायचं सुचलं नाही. स्टॅनची पोर, आणि काडतूस भरता येत नाही. तुम्ही हसला असतात."

ऑर्विलने कॉफीचं झाकण खोडावर ठेवलं. जोलीन जिवंत होती, धडधाकट होती. सकाळपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला होता. पण तीन आठवडे ही मुलगी त्याची चूक स्वतःच्या माथ्यावर घेऊन बसली होती.

"जोलीन, इकडे बघ," तो म्हणाला. "तुझं काही चुकलेलं नाही. गिऱ्हाइकाने सांगायचं नसतं. आपण विचारायचं असतं. रायफल कोणती, हा पहिला प्रश्न. एकतीस वर्षं विचारला आणि तुला नाही विचारला. वर तू साधी मागत होतीस ती बरोबर मागत होतीस, आणि मी तुला फिरवलं."

"असू द्या हो. होतं कधीकधी."

"नाही होत. त्या दिवशी सकाळी मार्नीने सांगितलं, काउंटर काढणार म्हणून. मला राग आला होता. कुणीतरी समोर यावं आणि आपण त्याला आपली हुशारी दाखवावी, असं झालं होतं मला. तू आलीस. एवढंच ते." त्याने चष्मा पुन्हा घातला. "आणि त्या हुशारीपायी तुझं काही बरंवाईट झालं असतं, तर मी काय करणार होतो?"

जोलीन त्याच्या शेजारी खोडावर बसली. वरचे कावळे एकमेकांवर ओरडत होते.

"बाबा म्हणायचे," ती म्हणाली, "ऑर्विलकडे गेलं की मार खाल्ल्यासारखं वाटतं, इतके प्रश्न विचारतो. त्या दिवशी तुम्ही एकही विचारला नाहीत तेव्हा मला वाटलं, चला, आपण मोठे झालो."

ऑर्विलला हसू आलं. आधी नाकातून आलं, मग पोटातून, आणि मग त्याला ते आवरेना. जोलीनही हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि कपाळावर रक्ताचा पट्टा उमटला.

"बघू ती रायफल," शेवटी तो म्हणाला.

तिने रायफल पाठीवरून काढून दिली. ऑर्विलने नळी उताराकडे, बर्फाकडे केली. बोल्ट मागे ओढला आणि तिने भरलेलं काडतूस चेंबरमध्ये जाऊ दिलं. मग उरलेल्या तीन बोटांनी बोल्ट पुढे ढकलून खाली पाडला. लोण्यात सुरी जावी तसा तो बसला. त्याने उघडला, काडतूस काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा लावला. खरं म्हणजे एकदा बघितलं तरी पुरे होतं. पण त्याने तिच्याकडची चारही काडतुसं तशी घालून बघितली, आणि दर वेळी बोल्ट बसल्यावर तो खोल श्वास सोडायचा.

"काल एकाच बारात पाडला?" रायफल रिकामी करून परत देत त्याने विचारलं.

"एकाच. दीडशे पावलांवरून. तीन खेपा होत्या मांसाच्या. एक रात्रीच तंबूजवळ आणून झाडावर टांगली, ती मागाहून नेईन. ही दुसरी. तिसरी अस्वलाने नेली सकाळी. मी गेले तेव्हा ते बसलंच होतं त्याच्यावर. म्हटलं, घे बाबा, तुझा वाटा. मागच्या पावली परत आले."

ऑर्विलने डोळे मिटले आणि उघडले. "बरं केलंस," तो म्हणाला.

मग त्याला खिशातलं खोकं आठवलं. "ही घे साधी डाय. पैशाचं बोलू नकोस. ड्वेनची त्याला परत करून टाक. आणि ती मानेची दुकानात आणून दे, मी परत घेतो."

जोलीनने खोकं घेतलं, उलटसुलट करून बघितलं. "मानेची का परत देऊ? आता ही जी पितळं याच रायफलमधून उडतील, ती याच रायफलच्या मापाची होणार ना? मग त्यांना पुढच्या वर्षी मानेचीच चालेल."

ऑर्विलने चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्याकडे बघितलं.

"चुकलं का काही?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "काही चुकलं नाही. फक्त स्टॅनच्या डब्यात मिसळू नकोस. वेगळी ठेव."

"वेगळीच ठेवलीत. काउंटर बंद झालं तर विचारायला कुठे येऊ?"

"खिळ्यांकडे," ऑर्विल म्हणाला. "नाहीतर घरी ये. व्हिवियनला आवडेल. तिला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं असं दिसतंय."

दोन वाजून गेले होते. जोलीनने पट्टा पुन्हा कमरेला बांधला. खाली उतार होता आणि बर्फ वरून कडक झालं होतं. असल्या उतारावर भरलेली घसरगाडी ओढावी लागत नाही, उलट तीच अंगावर येते. येताना दोनदा तिच्या पोटऱ्यांवर आदळली होती.

"मागून दोर आहे का तिला?" ऑर्विलने विचारलं.

"आहे. पण कंबर तुमची..."

"कंबरेचं राहू दे."

त्याने मागचा दोर सोडवला, दोन वेढे मनगटाला घेतले आणि टाचा बर्फात रोवल्या. जोलीन पुढे निघाली. घसरगाडी सरकली, दोर ताणला गेला, आणि ऑर्विल मागे झुकून, एकेक पाऊल जपून टाकत, तिला धरून धरून खाली सोडायला लागला. पुढून जोलीन काहीतरी सांगत होती, पाठमोरीच, ड्वेनच्या बायकोबद्दल. त्याला अर्धं ऐकू येत होतं. तो हं हं म्हणत होता आणि दोर सैल पडू देत नव्हता.